सत्तावन्न की पंचाहत्तर?

बँक आणि शाळा यांच्यात एक मूलभूत फरक आहे. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही, तर कॅशिअरला घरी जाता येत नाही. दहा रुपये कमी भरले तरी बांधलेल्या गड्ड्या सुटतात, व्हाउचरं पुन्हा चाळली जातात आणि चहा दुसऱ्यांदा येतो. शाळेत घंटा वाजली की सगळे घरी! चाळीस मुलांना शिकवलेलं किती जणांच्या खात्यात जमा झालं आणि किती वाटेतच गळलं, याचा हिशेब कुणी मागत नाही. मागतात ते टाचण. उद्या काय शिकवणार, उद्दिष्ट काय, साहित्य कोणतं, हे आदल्या दिवशी लिहून ठेवायचं. म्हणजे खर्चाच्या आधीच व्हाउचर तयार.

आमची ही बोरीवलीतल्या एका प्राथमिक शाळेत दुसरीला शिकवते. तिने टाचणवहीच्या मागच्या पानांवर स्वतःचीच एक टॅली सुरू केली आहे. आज वर्गात काय फसलं आणि का फसलं, एवढंच त्यात असतं. शिक्षणशास्त्रात याला चिंतन असं भारदस्त नाव आहे. जॉन ड्यूई या अमेरिकन गृहस्थांनी १९१० साली 'हाऊ वुई थिंक' या पुस्तकात ते मांडलं. विचाराची सुरुवात अडचणीतून होते, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरी ती भांडी आवरल्यावर होते.

हिच्या वर्गात एक मुलगा होता. 'सत्तावन्न' सांगितलं की ७५ लिहायचा. हिने लाल पेनाने फुली मारायची, त्याने दुसऱ्या दिवशी पुन्हा ७५ लिहायचं. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी त्याने वही कोरीच दिली. शेजारच्या मुलाने न विचारता खुलासा केला, "बाई, तो ढ आहे."

त्या रात्री ही मागचं पान उघडून बराच वेळ बसली होती. मग म्हणाली, "अहो, हा चव्वेचाळीस कधी चुकत नाही. चौतीसचे मात्र त्रेचाळीस करतो. असं का हो?" आणि स्वतःच सावकाश म्हणून पाहू लागली, "सत्ता... वन्न. चौ... तीस. अगंबाई! आधी सातच ऐकू येतात की!"

पोरगा ऐकू येईल तसं इमानदारीने लिहीत होता. मी म्हटलं, "मग कायदा त्याच्या बाजूने आहे." चेकवर अक्षरी आणि अंकी रक्कम जुळली नाही तर अक्षरी रक्कम खरी धरावी, असं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्ट, १८८१ चं कलम १८ सांगतं. (आम्ही तो चेक परतच करतो, ती गोष्ट वेगळी!)

दुसऱ्या दिवशी माझ्या पाकिटातून दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची सात नाणी शैक्षणिक साहित्य म्हणून गेली. आधी नोटा लिहायच्या, मग चिल्लर. तीन दिवसांत ७५ चे ५७ झाले. चौथ्या दिवशी एकोणसाठ आला. पोराने ६१ लिहिले! 'एक' ऐकू आला, 'साठ' ऐकू आले, आणखी काय हवं? पूर्वी तिथेही फुली पडली असती. आता मागच्या पानावर नोंद पडली, आणि साठ रुपयांतून एक रुपया काढून घ्यायचा खेळ सुरू झाला.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक', 'पन्नास सात' अशी वाचनपद्धत आली, तेव्हा केवढा गहजब झाला होता! विनोद झाले, विषय विधानसभेत गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे समजावत राहिल्या. मुलं कुठे अडतात याचा विचार कुणीतरी केला होता, एवढाच त्यांचा अपराध.

असा विचार करणारे आपल्याकडे पूर्वीही होते. आमच्या बोरीवलीवरून डहाणूची लोकल जाते. त्याच्याही पुढे बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये काम सुरू केलं. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात. 'पालकच अडाणी' असा शेरा मारून हजेरीपट बंद करता आला असता. पण ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबादला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली. चूक मुलाच्या नावे टाकण्याआधी आपलं खातं तपासायचं, एवढीच त्यातली युक्ती.

तो मुलगा आता हात वर करतो. परवा त्याने त्र्याऐंशी बरोबर लिहिल्याचं सांगताना ही खुशीत होती. मग एकदम गप्प झाली. "पंधरा वर्षांत अशा किती फुल्या मारल्या असतील हो मी?"

मी बोललो नाही. बँकेत बुडीत कर्ज राइट-ऑफ तरी करता येतं. ही मुलं मोठी होतात आणि रांगेत उभी राहून, कोरी स्लिप काउंटरच्या आत सरकवत म्हणतात, "साहेब, तुम्हीच भरा ना. माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे."