पहिल्या सोमवारचा भोंगा

बरोबर बाराला भोंगा घुमला आणि उट्रेक्टच्या शाळेत नव्यानं रुजू झालेल्या पुण्याच्या बाईंच्या काळजात धस्स झालं. खिडक्या लावायला त्या धावल्या. पोरं मात्र निवांत डबे उघडत होती! नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी धोक्याच्या भोंग्यांची चाचणी होते. नवख्या शिक्षकाला हे आधी सांगायलाच हवं.

खरी दमछाक सायकलीनं केली. उट्रेक्ट स्थानकाखालच्या तळावर सुमारे १२,५०० सायकली मावतात. २०१९मध्ये तो पूर्ण झाला, तेव्हा जगातला सर्वांत मोठा ठरला. तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वर-खाली दुहेरी रॅक आणि जिकडेतिकडे काळ्याच सायकली. बाईंचीही काळीच. घामाघूम होऊन शोधता शोधता एकदाची ती सापडली, ती हँडलला बांधलेल्या खणाच्या चिंधीमुळे. तळावरचा कर्मचारी मात्र शेवटपर्यंत न कंटाळता सोबत फिरला. हा सोशिकपणा मोलाचा.

मग तपासलेल्या वह्या. बाईंनी सढळ हातानं दहापैकी दहा दिले, तर सहकारी चकितच. तिथं साडेपाच गुणांना पास, आठ म्हणजे उत्तम. दहा क्वचितच कुणाला मिळतात. पण पोरांची मेहनत खरी होती. बाईंनी एकही गुण कापला नाही.