ट्रकच्या तेलाला दुसरी गाळणी

आपल्या शाळेतील बऱ्याच मुलांच्या घरी ट्रक आहे, किंवा घरातले कोणीतरी ट्रकवर आहे. म्हणून या अंकासाठी आम्ही घरच्या व्यवहारातलाच एक विषय घेतला आहे. आमच्या दहाचाकी गाडीला आम्ही भावांनी इंजिन ऑइलची जादा गाळणी बसविली. तिला 'बायपास' गाळणी म्हणतात. ती बसवावी का, आणि बसवावी तर कोणती, यावर आमच्या घरात चार महिने चर्चा चालली होती.

चर्चेला कारणही तसेच होते. त्याआधी या गाडीचे इंजिन उतरवावे लागले होते. लायनर-पिस्टन, बेअरिंग, क्रँकचे ग्राइंडिंग असा सगळा खर्च, आणि तोही ऐन तुरीच्या हंगामात. गाडी उभी राहते, बँकेचा हप्ता काही उभा राहत नाही. आळंदच्या मिस्त्रींनी जुने बेअरिंग आमच्या हातात दिले आणि म्हणाले, "मालक, नख फिरवून बघा." नखाला बारीक रेघा लागत होत्या. इतक्या बारीक रेघा पाडणारे तेलात काय होते, तिथून आमचा शोध सुरू झाला.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाडीचा असतो. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये तेलाचा जो पापुद्रा असतो, तो काही ठिकाणी जेमतेम काही मायक्रॉनचा भरतो. त्या पापुद्र्याएवढाच धुळीचा कण मध्ये आला की तो दोन्हीकडे घासतो. मोठा कण फटीत शिरतच नाही, फार बारीक असलेला तेलाबरोबर निघून जातो. खरे नुकसान या मधल्या मापाच्या कणांचे.

गाडीला कंपनीची गाळणी असतेच, मग ती हे कण का धरत नाही? कारण इंजिनाला लागणारे सगळे तेल तिच्यातूनच जायचे असते. ती फार बारीक केली तर तेल अडेल आणि बेअरिंग कोरडे पडेल. म्हणून ती साधारण वीस ते चाळीस मायक्रॉनच्या पुढचे कण धरते, त्याखालचे बरेचसे सोडून देते.

गुऱ्हाळ पाहिलेल्या मुलांना पुढचे लगेच कळेल. रस काहिलीत ओततांना तो फडक्यातून गाळतात. पण फडक्याने चिपाडाचे तुकडे तेवढे अडतात, रस स्वच्छ होत नाही. खालचा जाळ न थांबविता, भेंडीचा चिकट रस टाकून, वर येणारी मळी थोडी थोडी काढत राहावी लागते. कंपनीची गाळणी म्हणजे ते फडके, आणि बायपास गाळणी म्हणजे मळी काढणे. इंजिन चालूच असते. तेलाचा लहानसा भाग, दहा टक्क्यांच्या आतबाहेर, बारीक छिद्रातून बाजूला घेतला जातो, निवांतपणे साफ होतो आणि परत चेंबरमध्ये पडतो.

नववी-दहावीच्या मुलांसाठी इथे एक गणित आहे. चेंबरमध्ये १६ लिटर तेल आहे आणि बायपासमधून मिनिटाला २ लिटर जाते. मग ८ मिनिटांत सगळे तेल साफ झाले का? नाही. साफ झालेले तेल न झालेल्यात लगेच मिसळते आणि त्यातले काही पुन्हा पुन्हा जात राहते. पुरते मिसळते असे धरले, तर ८ मिनिटांत सुमारे ६३ टक्के तेल निदान एकदा जाऊन आलेले असते आणि २४ मिनिटांत सुमारे ९५ टक्के. शिवाय एका फेरीत सगळा मळ निघत नाही. सरांकडून हे करून घ्या, चांगले गणित आहे.

दुकानात गेल्यावर 'बायपास' या शब्दाचा घोळ होतो, तोही सांगून ठेवतो. कंपनीच्या गाळणीजवळ एक झडप असते, तिलाही बायपासच म्हणतात. गाळणी तुंबली किंवा थंडीत तेल घट्ट झाले, की ती उघडते आणि न गाळलेले तेल सरळ इंजिनात जाऊ देते. म्हणजे नाव एक आणि काम अगदी उलटे. आम्हाला एका दुकानदाराने ती झडपच काढून दाखविली होती. बायपास गाळणी ही काही नवी कल्पना नव्हे. अमेरिकेत १९२३ साली अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी 'प्युरोलेटर' ही तेलाची गाळणी काढली, ती बायपास पद्धतीचीच होती. मोठ्या जहाजांच्या इंजिनांचे तेलही आजतागायत असेच बाजूला घेऊन सतत शुद्ध करतात.

आमच्यापुढे दोन जाती होत्या. पहिलीत दाट कागदाची किंवा कापसासारख्या तंतूंची जाड कांडी असते. ती दोन-तीन मायक्रॉनपर्यंतचे कण धरते आणि थोडे पाणीही शोषते. दुसरी फिरती. तेलाच्या दाबाने आतले भांडे मिनिटाला काही हजार फेरे घेते आणि जड मळ भिंतीला जाऊन चिकटतो. भांडे फिरते ते खालच्या दोन बारीक तोट्यांतून सुटणाऱ्या तेलाच्या धक्क्याने, आपले दिवाळीचे भुईचक्र फिरते तसे.

मायक्रॉनचे आकडे पाहिले तर कांडीची गाळणी सरस वाटते, आणि डब्यावर तो आकडा ठळक छापलेलाही असतो. पण ती कांडी ठराविक दिवसांनी बदलावी लागते, आणि ती आळंदला मिळाली नाही, सोलापुरातही मागवावी लागेल असे सांगितले. तुंबलेली कांडी तशीच ठेवली तर तेल तिच्यातून जायचेच थांबते आणि गाळणी नुसती शोभेला उरते. फिरत्या गाळणीला बदलायचे काही नाही. उघडायची, लाकडी पट्टीने मळ खरवडायचा, रबरी रिंग तपासायची, बंद करायची. आमचा क्लीनर हे करू शकतो. म्हणून आम्ही ती घेतली. तिलाही अडचणी आहेत. तेल आपल्या वजनाने परत पडायला हवे, म्हणून ती चेंबरच्या वरच बसवावी लागते आणि परतीची नळी जाड लागते. दाब कमी असला की ती नीट फिरत नाही. कारखान्यापुढे उसाच्या रांगेत गाडी तासन् तास नुसती चालू ठेवली तर तिचा काही उपयोग नाही. तिथे इंजिन बंदच ठेवायचे, म्हणजे डिझेलही वाचते.

सगळ्यांत जपायची गोष्ट नळी. दाबाची नळी कुठे चेसीवर घासून फुटली तर थोड्या मिनिटांत चेंबर रिकामे होईल, आणि मग वाचवायला निघालेले इंजिनच जाईल. नळी चांगल्या प्रतीची घेतली, जागोजागी पट्ट्यांनी बांधली, आणि ड्रायव्हरकाकांना ऑइलच्या काट्यावर नजर ठेवायला सांगितले.

हे सगळे ठरत असतांना मिस्त्री एवढेच म्हणाले, "गाळणी तेलाला लावताय, पण धूळ येतीय हवेतून." ते खरेच आहे. शहाबादी फरशीच्या खाणीवर आणि उसाच्या फडात जाणाऱ्या गाडीत धूळ शिरते ती एअर फिल्टर आणि इंजिन यांमधल्या रबरी नळीच्या चिरेतून, सैल क्लिपमधून. आमच्या मते पहिले शंभर रुपये तिथे खर्च करावेत आणि उरलेल्या पैशांत बायपासचा विचार करावा.

पैशांचा हिशेबही सरळ मांडतो. तेल वाचते म्हणून ही गाळणी घेऊ नये. आमच्या गाडीत १६ लिटर तेल. बदलायचे अंतर दुप्पट केले तरी वाचणारी रक्कम फार होत नाही, आणि आम्ही ते अंतर वाढविलेलेही नाही. कारण तेलात मिसळलेले डिझेल, आम्ल, संपत आलेली रसायने यांवर गाळणीचा इलाज चालत नाही. गाळणी, नळ्या आणि मजुरी मिळून आम्हाला इंजिनकामाच्या दहाव्या हिश्श्याच्या आत खर्च आला. इंजिन दोन-तीन हंगाम जास्त चालले तर तो निघाला, नाही तर नाही.

एका विश्वस्तांनी विचारले, शाळेच्या बसला बसवावी काय? आमचे मत नको असे आहे. बस दिवसाला थोडेच अंतर धावते, तेल कमी, आणि वॉरंटीतल्या गाडीला कंपनीला न विचारता काही जोडू नये. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना तर तेलही त्यांनी सांगितलेलेच लागते. बसचे ऑइल आणि एअर फिल्टर वेळेवर बदलले की पुरे.

तेल काळे झाले म्हणजे खराब झाले, असेही समजू नये. डिझेलची काजळी एक मायक्रॉनहूनही बारीक असते आणि ती तेलात तरंगत ठेवण्याचे काम तेलातली रसायनेच करतात. प्रयोगशाळेतील गाळण कागदावर गरम तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. डाग मधून बाहेरपर्यंत सारखा करडा पसरला तर ठीक. मध्ये गडद काळा ठिपका आणि त्याला तीक्ष्ण कडा राहिली, तर तेल काजळी धरू शकत नाही, बदलायला झाले.

फिरती गाळणी आतापर्यंत दोनदा उघडली. टायरच्या रबरासारखा चिवट काळा थर निघाला. पहिल्या वेळी २१० ग्रॅम, तेवढ्याच किलोमीटरनंतर दुसऱ्या वेळी १६० ग्रॅम. पहिल्या वेळी आधीचा साठलेला मळही असणार, त्यामुळे एवढ्यावरून काही ठरत नाही. वजन एकदम वाढले तर मात्र इंजिनात काहीतरी बिघडले असे समजायचे. तो मळ आम्ही नाल्यात न टाकता जुन्या तेलाच्या कॅनमध्ये ठेवतो. तिसऱ्यांदा गाळणी ऊस सुरू होण्याआधी उघडणार आहोत. ज्या मुलांना पाहायचे असेल त्यांनी जुने कपडे घालून यावे.