शिडे उतरल्यावर

जहाज बुडाले की त्याची गोष्ट होते. ते बुडाले नाही, तर पुढे त्याचे काय झाले हे सहसा कोणी विचारीत नाही. आम्ही कादंबऱ्या लिहिणारी माणसे या बाबतीत अगदीच स्वार्थी. आम्हांला वादळ हवे, मोडलेली डोलकाठी हवी, फळीला धरून तरंगणारा नायक हवा. जे जहाज पंचवीस वर्षे इमानाने माल वाहते आणि नंतर कुठल्याशा बंदरात कोळशाची कोठी होऊन पडते, त्याच्यावर कोण कादंबरी लिहिणार? आणि लिहिली तर ती छापणार कोण?

तरीही गेली काही वर्षे मी अशाच जहाजांच्या नादी लागलो आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड-स्कॉटलंडच्या गोद्यांत बांधलेली, लोखंडाची आणि पुढे पोलादाची, पण वाऱ्यावर चालणारी मालवाहू जहाजे. लोखंडाचे अंग आणि कापडाचे पंख, असा हा विलक्षण प्राणी. घरी हा विषय निघाला की आमची मंडळी पाने घ्यायला उठतात आणि मुले आपण होऊन अभ्यासाला बसतात. दुसरा फायदा नाही तर नाही, हा एक आहेच.

वर्गात सांगू लागलो की हमखास एक हात वर येतो. ‘गुरुजी, लोखंड तर बुडतं ना?’ मग मी खिळा आणि वाटी अशी दोन्ही बादलीत सोडून दाखवतो. खिळा तळाशी जातो, वाटी डुलत राहते. मुले हसतात. पण जहाजे बांधणाऱ्यांनाही लोखंडाशी जमवून घ्यायला वेळ लागला. लोखंडी अंगामुळे होकायंत्राची सुई फसे. पाण्याखालच्या भागाला शिंपले नि शेवाळ धरे, आणि लाकडी जहाजाला ठोकतात तसा तांब्याचा पत्रा त्यावर ठोकता येत नसे; खाऱ्या पाण्यात ते दोन धातू एकमेकांशी पटवून घेत नाहीत. पण जहाजाजोगे ओकचे लाकूड दुर्मिळ झाले होते आणि लोखंड हवे तितके होते. शिवाय लाकडाने लांबीला घातलेली मर्यादा लोखंडाने उठवली. तीन डोलकाठ्यांच्या चार झाल्या, दोराच्या जागी तारेचे दोर आले, आणि तीसएक माणसे हजारो टन माल घेऊन पृथ्वीला वळसा घालू लागली.

नेमक्या याच वेळी त्यांचा काळ खरे तर संपायला हवा होता. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझचा कालवा खुला झाला. शिडाच्या जहाजाला त्यातून ओढून न्यावे लागे, आणि पुढे तांबड्या समुद्रातले वारे त्याला सोयीचे नव्हते. चहा, टपाल, उतारू हे सगळे हळूहळू आगबोटींकडे गेले. तरी शिडाची जहाजे बांधली जातच राहिली. जर्मनीत ‘पाडुआ’ हे मोठे जहाज तर १९२६ साली पाण्यात उतरले. ज्या मालाला घाई नसते तो यांच्या वाट्याला आला. बंगालचा ताग, ऑस्ट्रेलियाचा गहू, चिलीतला सोरा आणि दगडी कोळसा. हा कोळसा पुष्कळदा कशासाठी असे, ठाऊक आहे? दूरदूरच्या बंदरांत आगबोटींना भरून घ्यायला लागे, त्यासाठी. ज्याने आपली भाकर काढून घेतली, त्याच्याच चुलीचे सरपण ही जहाजे पाठीवरून वाहत होती.

आपल्या देशाचा आणि यांचा संबंध कलकत्त्याच्या तागाने बांधलेला आहे. त्यांतले एक जहाज माझ्या विशेष लोभातले. १४ नोव्हेंबर १८६३ रोजी आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटावर, रॅमसे गावी, ते पाण्यात उतरले. नाव ‘युटर्पी’. ग्रीक पुराणातली ही संगीताची देवता. आपल्याकडे एखाद्या मालगाडीला ‘वीणावादिनी’ म्हणावे, तसेच हे. पहिल्याच सफरीला, १८६४ च्या जानेवारीत, कलकत्त्याला निघाले तो वेल्सच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या जहाजाशी टक्कर झाली आणि खलाशांनी पुढे जायचे नाकारले. सतराजणांना तुरुंगात पाठवावे लागले. दुसऱ्या सफरीत मद्रासच्या पुढे, बंगालच्या उपसागरात, वादळाने असे घेरले की जहाज वाचवायला डोलकाठ्याच तोडून टाकाव्या लागल्या. कसेबसे त्रिंकोमाली गाठले, आणि मग कलकत्ता. परतीच्या वाटेवर कप्तान वारला. त्याला समुद्रातच मूठमाती दिली. म्हणायला मूठमाती म्हणायची, माती तिथे कुठली!

अशा अपशकुनी जहाजाचे पुढे काय व्हावे? १८७१ पासून ते न्यूझीलंडला स्थायिक व्हायला निघालेली कुटुंबे नेऊ लागले आणि त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केल्या एकवीस. मग मालक बदलले, झेंडा बदलला, आणि म्हाताऱ्याला अलास्काच्या थंडीत धाडले. जाताना सामन मासे डब्यांत भरणारे मजूर आणि रिकामे डबे, येताना भरलेले डबे. या नव्या मालकांच्या ताफ्यातल्या काही जहाजांची नावे ‘स्टार ऑफ’ अशी सुरू होत, म्हणून इतरांचीही बारशी तशीच करून टाकली. १९०६ साली आमच्या ‘युटर्पी’चे ‘स्टार ऑफ इंडिया’ झाले. हिंदुस्थानची वारी सुटून तीसेक वर्षे झाल्यावर कपाळी हिंदुस्थानचे नाव आले!

त्याच ताफ्यातले ‘स्टार ऑफ बेंगॉल’ १९०८ साली अलास्काच्या एका बेटावर आपटून फुटले. शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांतली बहुतेक चिनी, जपानी आणि फिलिपिनो मजूर होती. हंगाम संपवून, मजुरी घेऊन घरी निघालेली माणसे. ‘युटर्पी’ची जन्मकथा सांगताना मी रंगून जातो, पण इथे आले की आवाज आपोआप खाली येतो.

१९२३ साली ‘स्टार ऑफ इंडिया’चे काम थांबले. तीन वर्षांनी सॅन दिएगो शहरातल्या प्राणिसंग्रहालयाच्या मंडळींनी ते विकत घेतले, आणि मग पैशाच्या अडचणी नि महायुद्ध यांत ते धक्क्याला तसेच गंजत राहिले. पुढे लोकांना जाग आली. १९७६ साली, जन्मानंतर ११३ वर्षांनी, त्याने पुन्हा शिडे उभारली आणि बंदराबाहेर फिरून आले.

मी हे सारे अशा जिव्हाळ्याने सांगतो याचे एक कारण घरातले आहे. माझे आजोबा तांडेल होते. देवगडच्या बाजूच्या एका खाडीतून त्यांचे तारू मंगळुरी कौले, मीठ, नारळ घेऊन मुंबईपर्यंत जाई. रस्ते झाले, ट्रक आले, आणि तारू खाडीच्या तोंडाशी ओढून ठेवले ते कायमचेच. लाकडी तारवाचे पुढे जे होते तेच त्याचे झाले. फळ्या सुटू लागल्या. चांगल्या फळ्या गोठ्यांना लागल्या, वाईट चुलीत गेल्या, खिळे भंगारवाल्याने वजनावर नेले. काही पावसाळ्यांत चिखलात एक काळी रेघ तेवढी उरली.

आजोबा मात्र उरले. त्यांनी गावातल्या एका गोदामावर राखणदाराचे काम धरले. नक्षत्रे पाहून रात्री वाट काढणारा माणूस दिवसभर खताची पोती मोजीत बसे. माझ्या वडिलांना त्याची लाज वाटे. ‘आबा, आता पुरे झाला. घराकडे बसा,’ असे ते दर गणपतीला म्हणत. आजोबांचे उत्तर ठरलेले असे : ‘घराकडे बसान काय करू? बसलेला तारू कुसता रे.’ ते पोती मोजीत तेव्हा प्रत्येक दहाव्या पोत्याला एक विशिष्ट हेल काढून आकडा म्हणत. तो हेल तारवावर माल चढवताना म्हणायचा होता, हे मला फार उशिरा कळले.

लोखंडी जहाजाला असे कुजून मोकळेही होता येत नसे. डोलकाठ्या गेल्या, शिडे गेली, तरी खालचे धूड धडधाकट. ते बुडवायला मालकाचा जीव होत नाही, आणि मोडीची किंमतही दर वेळी येत नाही. मग त्याला कामाला लावायचे. ‘वेव्हरट्री’चे पाहा. १८८५ साली साउदॅम्प्टनला बांधलेले हे जहाज; आरंभी स्कॉटलंडला ताग नेण्याच्या कामावर होते. १९१० साली दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी, केप हॉर्नजवळ, त्याच्या डोलकाठ्या मोडल्या आणि ते कसेबसे फॉकलंड बेटांना लागले. दुरुस्ती परवडण्यासारखी नव्हती. चिलीतल्या पुंता अरेनास बंदरात ते तरंगते गोदाम झाले आणि जवळजवळ छत्तीस वर्षे गोदामच राहिले. १९४७ नंतर ब्वेनोस आयरेसला नेऊन त्याची वाळू वाहणारी बार्ज केली. तिथल्या रियाच्वेलो नदीवर १९६६ साली ते एका जाणत्या माणसाच्या दृष्टीस पडले. त्या नदीवरचे लोक या वाळूच्या होडीला काय म्हणत, ठाऊक आहे? ‘एल ग्रान व्हेलेरो’. म्हणजे शिडांचे थोर जहाज. वर एक शीड नाही, पोटात वाळू, आणि तरी खालच्या माणसांना ते कोण आहे हे कळत होते. आज ते न्यूयॉर्कच्या जुन्या धक्क्याला, डोलकाठ्यांनिशी, उभे आहे.

याउलट कामावर असतानाच गेली ती जहाजे. १९०५ चे ‘पामीर’ २१ सप्टेंबर १९५७ रोजी अटलांटिकमधल्या वादळात बुडाले. पोटात अर्जेंटिनाचे सातू होते. ८६ माणसांतली सहा वाचली, आणि गेलेल्यांत शिकाऊ पोरे पुष्कळ. त्याची गोष्ट झाली, अनेकदा लिहिली गेली. ती न लिहावी असे कोण म्हणेल?

पण ज्या एका जहाजामुळे हा लेख मी यंदा लिहायला घेतला, ते या कुठल्याच खणात बसत नाही. ‘फॉल्स ऑफ क्लाइड’. स्कॉटलंडच्या क्लाइड नदीवरच्या धबधब्यांचे नाव. १८७८ साली पोर्ट ग्लासगोला बांधलेले, चार डोलकाठ्यांचे, लोखंडी. त्याची पहिली सफर कराचीची होती. आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती, म्हणजे एका अर्थी ते पहिल्यांदा आपल्याच अंगणात आले म्हणायचे. पुढे हवाई बेटांवर गेले, साखर वाहिली. १९०७ साली पोटात टाक्या बसवून त्याला तेलवाहू केले. जाताना घासलेट, येताना उसाची मळी. नंतर डोलकाठ्या काढल्या, आणि अलास्कातल्या केचिकन गावी ते १९५९ पर्यंत तेलाची तरंगती टाकी होऊन पडले. ऐंशी वर्षांत काम म्हणून कुठले नाकारले नाही.

१९६३ साली त्याला बुडवून बंदरासाठी लाटा अडवणारा बांध करायचे ठरले. अगदी ऐन वेळी होनोलुलूच्या लोकांनी वर्गणी काढून ते सोडवून घेतले. शाळकरी मुले त्याच्यावर चढून पाहू लागली. राष्ट्रीय स्मारकाचा मान मिळाला. पण हळूहळू देखभालीचे पैसे आटले, मालकी हातोहाती फिरली, अंग गंजून चाळण झाले. स्कॉटलंडमधल्या काही लोकांनी त्याला माहेरी न्यायचे प्रयत्न वर्षानुवर्षे केले. बंदराच्या अधिकाऱ्यांना भीती अशी, की वादळात ते सुटून मध्येच बुडाले तर साऱ्या बेटाची आवक अडेल. ही भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. ज्याच्या धक्क्याला गळके जहाज बांधलेले आहे त्याला काव्य सुचत नाही. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी ते होनोलुलूच्या बाहेर खोल समुद्रात ओढून नेले आणि बुडवले. दिवाळी चारपाच दिवसांवर आली होती. मी ती बातमी घरात कोणाला सांगितली नाही. सांगून तरी काय, ताटे वाढायला उठली असती.

राबत होते तोवर, टाकी म्हणून का होईना, ऐंशी वर्षे टिकले. मानाने बसवले आणि साठेक वर्षांत संपले. आजोबांचे ते गोदामातले वाक्य मला या हिशेबात सारखे आडवे येते. पण ‘स्टार ऑफ इंडिया’ही बसलेलेच की, आणि ते उभे आहे, कारण त्याच्या दोरांना रोज हात लावणारी स्वयंसेवक माणसे तिथे आहेत. नुसत्या मानाने लोखंड धरत नाही, रंगाचा ब्रश लागतो.

१९६३ साली ‘फॉल्स ऑफ क्लाइड’ ज्या नशिबातून सुटले, ते नशीब खरोखरच वाट्याला आलेले एक जहाज अजून आहे. ‘काउंटी ऑफ पीबल्स’, ग्लासगो, १८७५. चार डोलकाठ्यांचे, चारींवर आडव्या परबाणांना चौकोनी शिडे असलेले, असे लोखंडी जहाज जगात त्याच्याआधी झाले नव्हते. तागाच्या व्यापारासाठी ते मुद्दाम बांधून घेतले होते. उमेद संपल्यावर तेही ‘वेव्हरट्री’सारखे पुंता अरेनासला पोचले, कोळशाची कोठी झाले, आणि शेवटी किनाऱ्यालगत तळाशी बसवून त्याचा बांध केला. तिथे वारा बारमाही. मॅगेलनच्या सामुद्रधुनीतल्या लाटा येतात, त्या कलकत्त्याचा ताग वाहिलेल्या लोखंडावर फुटतात, आणि त्याच्या पलीकडचे पाणी निवांत राहते.