कवितेखालचे ठिकाण

भा. रा. तांबे यांची 'समग्र कविता' आम्ही प्रथम वाचली ती खालून वर. माधव जूलियन यांनी संपादिलेली १९३५ सालची ती प्रत आजोबांनी घेतलेली. कवितेखाली बारीक टाइपात जाती, राग, ठिकाण आणि दिनांक छापलेले असत. आठदहा वर्षांच्या वयात कवितेतील विरह आम्हांस काय कळणार? पण खाली 'लष्कर-ग्वाल्हेर' अशी अक्षरे दिसली की ऊर भरून येई. शाळेच्या मराठी पुस्तकातले कवी पुण्याचे, कोकणचे, सह्याद्रीच्या कडेकपारीतले. हा एक कवी मात्र आमच्या गावात राहून, आमच्यासारखाच उन्हाळा सोसून मराठीत लिहीत होता. देवास, इंदूर, प्रतापगड, अजमेर अशी ठिकाणे पाहताना वाटे, मराठी कवितेला नर्मदा ओलांडता येते.

तांब्यांचा जन्म मुंगावलीचा आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी देहावसान ग्वाल्हेरीत. मधली बरीच वर्षे संस्थानी नोकऱ्यांत गेली. अखेरीस ते ग्वाल्हेरचे राजकवी झाले, याचे आमच्या आळीतील वडीलधाऱ्यांना मोठे अप्रूप. आम्हांस त्याहून अप्रूप वाटे ते नोकरी सांभाळून गाणे सुचण्याचे. पुढे वसंत प्रभूंच्या चालींवर लताबाईंच्या आवाजात त्यांची गीते घरोघरी पोहोचली. पण तोवर वडिलांच्या बेसूर आवाजात ती आम्हांस पाठ झाली होती.

वडील महालेखाकार कार्यालयात कारकून. हिशेब तपासणाऱ्या माणसाला तारखेवाचून करमत नसावे. एखादी कविता मनासारखी वाचून झाली की ते छापील दिनांकाशेजारी पेन्सिलीने स्वतःचे ठिकाण व तारीख लिहीत. पुस्तक खराब होते म्हणून आई रागवे.

अशा घरात आम्हीही कविता लिहू लागलो यात नवल नाही. प्रत्येकीखाली 'लष्कर' आणि तारीख असे. कधीकधी कवितेपेक्षा तेवढेच बरे साधलेले असे. १९८८ साली धीर करून चार कविता महाराष्ट्रातील एका मासिकाकडे धाडल्या. त्या परत आल्या. सोबत दोन ओळी होत्या: भाषेवर हिंदीची दाट छाया आहे, प्रथम शुद्ध मराठीचा अभ्यास करावा. आम्ही ढगांना 'बादल' म्हटले होते. आमच्याकडे म्हणतात. 'येऊन राहिलो' असेही म्हणतात. आज वाटते, कविता खरोखरच बेताच्या होत्या, संपादकांनी त्या परत केल्या ते योग्यच केले. केवळ कारण दुसरे द्यायला हवे होते. त्या संध्याकाळी वडिलांनी आम्हांस काहीच विचारले नाही. ओसरीवर बसून ते तांब्यांची एक कविता मोठ्याने म्हणत राहिले. त्यांच्या लक्षात काही आले नाही असे आम्ही समजलो आणि मनातून थोडे रागावलोही. त्यानंतर लेखणी चालली ती फायलींवर, हिंदीत.

१९९१ साली नायब तहसीलदार म्हणून आमची मुंगावलीस बदली झाली. ते गाव तेव्हा गुना जिल्ह्यात होते. गणेश शंकर विद्यार्थी येथे शिकले हे गावात सर्वांना ठाऊक. तांबे मात्र कोणास ठाऊक नव्हते. कार्यालयातील बडे बाबू आदराने म्हणाले, "साहेब, कोणत्या खात्यात होते?" ही हकीकत आम्ही वडिलांना पत्राने कळविली. उलट टपाली कार्ड आले: "तेथे बसून काही लिहिलेस काय? लिहिलेस तर खाली गाव घाल." आम्ही काही लिहिले नव्हते.

वडील १९९८ साली गेले. घर आवरताना ती प्रत हाती आली, आणि पाने उलटताना संध्याकाळवरील एका कवितेखाली पेन्सिलीची अक्षरे दिसली: 'लष्कर, १४ ऑगस्ट १९८८. चिरंजीवांच्या कविता परत आल्या.' बस, एवढेच. ना सांत्वन, ना शेरा. ती कविता आम्ही त्या दिवशी ओसरीवरून ऐकली होती आणि कान देऊन ऐकली नव्हती.

त्या पानापाशी किती वेळ बसलो ते आठवत नाही. बायको दिवा लावायला आली तेव्हा भानावर आलो. त्याच आठवड्यात दहा वर्षांनी चार ओळी लिहिल्या, त्यांत 'बादल' तसाच ठेवला. तेव्हापासून अधूनमधून लिहितो. छापण्यास कोठे धाडत नाही. आपल्या मंडळाच्या कोजागरीला वाचतो.

गेल्या दिवाळीत बंगळूरचा नातू आला होता. हिंदीमुळे त्याला देवनागरी वाचता येते, पण मराठी अर्थापाशी तो अडखळतो. पुस्तक उघडून त्यानेही खालूनच सुरुवात केली आणि विचारले, "आजोबा, हे कवी फौजेत होते का?" आम्ही हसलो, मग १८१० साली दौलतराव शिंद्यांची छावणी येथे कशी पडली, आणि त्या छावणीचेच शहर कसे झाले ते सांगत बसलो. त्याने पेन्सिल मागितली. दिली. आजोबांच्या आणि पणजोबांच्या अक्षरांखाली त्याने इंग्रजी वळणाच्या आकड्यांत तारीख घातली आणि पुढे गावाचे नाव कोणते लिहावे म्हणून आमच्या तोंडाकडे पाहू लागला.