ओवीची ओळ कुठे मोडावी?

पोस्टर किंवा माहितीपत्रक यांना संहिता मानण्याची आपल्याकडे पद्धत नाही. साहित्याच्या अभ्यासात मुखपृष्ठाचा विचार क्वचित होतो, आतील मांडणीचा त्याहूनही क्वचित. कवितेची ओळ जिथे संपते तिथेच ती का संपते, असा प्रश्न विचारणारा समीक्षकदेखील तीच कविता एखाद्या भित्तिपत्रकावर भलत्याच ठिकाणी मोडलेली दिसली, तर छपाईची अडचण म्हणून पुढे जातो. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. दृश्यसंज्ञापन, म्हणजे रूढ शब्दांत ग्राफिक डिझाइन, हा माझा विषय. परंतु गेल्या सत्रातील एका कामात ही अडचण माझ्यासमोर वाङ्मयीन प्रश्न म्हणूनच उभी राहिली, आणि तो प्रश्न साहित्याच्या वाचकांपुढे ठेवावासा वाटतो.

काम साधे होते. जात्यावरील ओव्यांच्या एका छोट्या प्रदर्शनासाठी वीस बाय तीस इंची पोस्टर आणि एफोर कागदाला दोन घड्या घालून होणारे माहितीपत्रक करायचे होते. मजकूर मराठी आणि इंग्रजीत, ओव्या बारा, निवड आयोजकांची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या स्त्रियांकडून लाखाहून अधिक ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत. त्या सागराच्या मानाने बारा म्हणजे ओंजळही नव्हे.

आरंभ कागदावरच झाला. संगणक उघडण्यापूर्वी पेन्सिलीने काडेपेटीएवढी वीस-पंचवीस रेखाटने करायची आणि कोऱ्या कागदाला प्रत्यक्ष घड्या घालून पाहायचे, ही आमच्याकडची शिस्त आहे. घडी घातल्यावरच कळते की २९७ मिलिमीटरचे तीन समान भाग करून चालत नाही. आत दुमडले जाणारे पान दोन-तीन मिलिमीटरने अरुंद लागते, नाहीतर ते घडीत अडते. म्हणून १००, १०० आणि ९७. दोन्ही बाजूंचा समास वजा जाता त्या अरुंद पानावर मजकुराला ८१ मिलिमीटर उरतात. ओव्यांसाठी आखलेली जागा नेमकी तीच होती.

पोस्टरवरील प्रतिमा मला आजीच्या जात्यावरून मिळाली. मुळशी तालुक्यातील आमच्या घरी ते जाते पडवीत उलथे पडलेले असते. तळीच्या दगडावर कागद ठेवून कोळशाने घासले, तेव्हा टाकीचे घाव उमटले. हा ठसा ६०० डीपीआयला स्कॅन केला. पोस्टरच्या मापापर्यंत वाढवता यावा म्हणून संगणकाकडून त्याच्या कडा रेषांमध्ये रूपांतरित करून घेतल्या, तर प्रत्येक घाव गुळगुळीत, एकसारखा झाला. टाकी लावणाऱ्याचा हात नाहीसा होऊन कुठल्याशा साबणाच्या वेष्टनावरची नक्षी उरली. ती आवृत्ती पुसून मूळ खरबरीत ठसाच वापरला. दुरून पाहायच्या पोस्टरला १५० डीपीआय पुरते. रंगांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. पडद्यावरची झळझळीत हळद चार शाईंच्या छपाईत थोडी मळते, ती मळलेलीच मला अधिक बरी वाटली.

खरा प्रश्न अक्षरांचा होता. आयोजकांनी मांडणीचा एक तयार साचा पाठवला होता. त्यात इंग्रजी मजकूर आधीच बसवलेला, दहा पॉइंटात, बारा पॉइंटांच्या ओळअंतरावर. आणि प्रत्येक परिच्छेदाखाली मराठीसाठी तेवढीच चौकट. त्या चौकटीत मराठी ओतली की उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत जाऊन अडकतो. देवनागरीला शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या खाली जागा लागते. त्याच पॉइंटात ती लहान दिसते आणि ओळअंतर मात्र जास्त मागते. शीर्षकाला भारदस्तपणा आणण्यासाठी इंग्रजीत सगळी कॅपिटल अक्षरे चालतात. आपल्याकडे ती सोयच नाही. अक्षरांतील अंतर वाढवावे, तर शिरोरेषा तुटून शब्दाच्या फासळ्या दिसू लागतात. हे सगळे मी आमच्या सरांना दाखवले.

"पॉइंट कमी कर ना," ते म्हणाले. "मराठी वाचणारे प्रदर्शनात तसेही ऐकणारच आहेत."

"पण सर, ओव्या मराठीत आहेत. इंग्रजी हे त्यांचे भाषांतर आहे."

सर थोडे थांबले. मग म्हणाले, "बरं, उलट करून बघ."

उलट म्हणजे आधी मराठी बसवायची आणि उरलेल्या जागेत इंग्रजी. हे करू लागल्यावर मांडणीच्या सॉफ्टवेअरचा स्वभावही लक्षात येतो. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची जुळणी २०१२च्या सीएस६ आवृत्तीपासून आली, तीही योग्य पर्याय निवडला तरच; एरवी ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणाची रूपे काही फाँटमध्ये असतात, परंतु मजकुराची भाषा मराठी अशी नोंदवल्याखेरीज ती पुढे येत नाहीत. विंडोजवरचा 'मंगल' ज्यांनी घडवला ते र. कृ. जोशी स्वतः कवी होते, याची या दिवसांत वारंवार आठवण होई.

आता ती ओळ. जात्यावरची ओवी दोन ओळींत लिहिण्याचा प्रघात संग्राहकांचा. गाणारीच्या लेखी ओळ म्हणजे खुंट्याचा फेरा आणि श्वास. तेरा पॉइंटात बाराही ओव्या लावल्या, तेव्हा त्यांतील पाचांच्या ओळी ८१ मिलिमीटरच्या बाहेर गेल्या आणि सॉफ्टवेअरने शेवटचा एकेक शब्द खाली ढकलला. तो खाली पडलेला शब्द अकारण ठसठशीत दिसू लागला, जणू कवयित्रीने त्यावर भर दिला आहे. एके ठिकाणी तो 'बाई' होता. गाताना या शब्दावर स्वर नुसता टेकतो. छापील पानावर त्याचा आक्रोश झाला होता. आजीला फोनवर ती ओवी म्हणायला सांगितली. तिने जिथे श्वास घेतला ती जागा संग्राहकाच्या ओळीशीही जुळत नव्हती आणि माझ्या पानाशीही नाही. शेवटी तिच्या श्वासाप्रमाणे ओळी मोडल्या, प्रत्येक ओवी तीन-चार आखूड ओळींची झाली आणि पानावर बाराऐवजी सातच मावल्या. उरलेल्या पाच आयोजकांनी गाळल्या. कोणत्या गाळाव्यात हे मला विचारले असते, तर मी सांगू शकले नसते.

छापखान्याने शेवटी नेहमीची मागणी केली: फाँटची भानगड नको, अक्षरांचे आकारात रूपांतर करून फाइल पाठवा. एक कळ दाबली की मजकूर मजकूर राहत नाही. 'ओवी' हा शब्द शोधू गेले तर सापडत नाही, नक्कल करता येत नाही, अंधांसाठीचा वाचक-प्रोग्राम तिथे गप्प बसतो. उरतात फक्त वळणदार बंद रेषा. म्हणून मी दोन फायली ठेवल्या आहेत. छापखान्याची एक, आणि दुसरीत बाराही ओव्या, अजून टंकलेल्या, ओळी आजीच्या श्वासाच्या.