चार बाय सहाची मोरी

आमच्या घरात बाथरूम असं कधी नव्हतंच. मोरी होती. सोलापुरातल्या जुन्या वस्तीतलं मातीच्या भिंतींचं घर, वर पत्रे, आणि स्वयंपाकघराला लागून चार फूट रुंद, सहा फूट लांब अशी ही मोरी. खाली शहाबादी फरशी, मधोमध एक काळा दगड, दगडाशेजारी पाण्याचं बॅरल आणि बॅरलवर झाकण म्हणून चेपलेली परात. दार नव्हतं, जुन्या चादरीचा पडदा होता. सोलापूरकरांच्या घरात दुसरं काही नसलं तरी चादरींना तोटा नसतो. संडास अंगणापलीकडे, तीन पायऱ्या उतरून.

त्या काळ्या दगडावर बसून अब्बा वुजू करायचे. गिरणीची पाळी संपवून आले की आधी तिथं बसणार, तोटीचा लोटा हातात घेणार आणि बारीक धारेनं पाय धुणार. एवढ्या वर्षांत दगड मधोमध गुळगुळीत झाला होता, थोडा खोलगटही. 2006 साली त्यांचा शेवटचा गुसल मोरीच्याच तोंडाशी, मशिदीतून आणलेल्या तख्त्यावर झाला. त्यानंतर अम्मी त्या दगडावर कपडे धुऊ देत नसत. कारण विचारलं तर म्हणायच्या, साबणानं दगड निसरडा होतो.

मोरी दुरुस्त करायचं आमच्या मनात कधी आलंच नाही असं नाही. पण आधी मुलांची फी, मग पत्रे बदलणं, मग कुणाचं तरी लग्न. मोरीचा नंबर सगळ्यांत शेवटी. पाहुण्यांना बैठकीची खोली दिसते, मोरी दिसत नाही.

2019च्या उन्हाळ्यात अम्मींना थंडी वाजून ताप आला. दोन दिवस घरगुती काढे झाले, तिसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली आणि लघवीच्या जागी संसर्ग झाल्याचं सांगितलं. मग विचारलं, "आजी, दिवसाला पाणी किती पिता?" अम्मी म्हणाल्या, "पीते की, भरपूर." डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आम्हाला ठाऊकच नव्हतं.

घरी आल्यावर सुनेनं सासूजवळ बसून हळूहळू काढून घेतलं. असरनंतर अम्मी पाण्याचा घोट घेत नव्हत्या. मे महिन्यात, सोलापुरात! कारण साधं होतं. पाणी प्यायलं की रात्री उठावं लागणार. उठलं की अंगण ओलांडायचं, तीन पायऱ्या उतरायच्या, अंधारात उकिडवं बसायचं आणि गुडघ्यांवर हात टेकून परत उठायचं. आदल्या पावसाळ्यात त्या एकदा घसरल्या होत्या. कोपर सोललं होतं, तेव्हा आम्हाला सांगितलं होतं की भिंतीला घासलं. "तुमारी नींदा कायकू खराब करूं?" एवढंच त्यांचं म्हणणं.

आणि आम्ही काय समजत होतो? अम्मींचा वुजू कसा टिकतो याचं आम्ही कौतुक करत होतो. मगरिबचा वुजू इशापर्यंत सहज. नातेवाइकांत सांगतही होतो की या वयातही अम्मींना रात्री उठावं लागत नाही, अल्लाहचा करम आहे. त्या तहानलेल्या झोपत होत्या आणि आम्ही ते त्यांचं तब्येतीनं सांभाळलेलं म्हातारपण समजत होतो.

त्या महिन्यात भिशी लागली होती, पंचवीस हजारांची. फ्रीजसाठी धरलेली. फ्रीज राहिला.

पंचवीस हजारांत मोरीच्या जागेतच संडास, वुजूची आणि अंघोळीची जागा बसवायची, असं ठरलं. आम्हाला वाटलं, अम्मी खूश होतील. त्यांनी कानाला हात लावले. जिथं संडास तिथं वुजू? तौबा! तिथं बिस्मिल्लाह कसं म्हणायचं? शिवाय खुर्चीसारख्या भांड्यावर बसून तहारत नीट होत नाही, शिंतोडे उडतात, कपडे पाक राहत नाहीत, हे त्यांनी पुण्याच्या लेकीकडे बघून ठेवलेलं होतं. हे प्रश्न आपल्याकडे हसण्यावारी नेण्याची पद्धत आहे. पण ज्या बाईची दिवसाची घडी पाच वुजूंवर बसलेली आहे, तिच्यासाठी ही नळाच्या जागेइतकीच खरी अडचण होती.

आमच्यातल्या एकानं जुम्म्यानंतर पेशइमामसाहेबांना गाठलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की वुजूची जागा पाक असेल तर वुजूला हरकत नाही. मध्ये आडभिंत घालता आली तर मनाचंही समाधान होईल. बिस्मिल्लाह दाराबाहेर म्हणून आत जावं, कलिमा नि दुआ बाहेर येऊन पढावी. मग निघता निघता म्हणाले, "आणि अम्मींना म्हणावं, पाणी पीत जा." म्हणजे आमच्या माणसानं त्यांना सगळंच सांगून टाकलं होतं.

गवंडीमामा शेजारच्या पेठेतले. आमच्या पत्र्याखालच्या भिंतीही त्यांनीच सावरल्या होत्या. त्यांनी टेप लावला आणि भांडं पश्चिमेच्या टोकाला, तोंड पूर्वेला असं खडूनं आखलं. तसं केलं तर सहा फूट लांबी कामी येते, पुढं पाय ठेवायला ऐसपैस जागा राहते. पण आमचा किबला पश्चिमेला. तसं बसलं की किबल्याकडे पाठ होते. आम्ही कसं सांगावं या विचारात असतानाच मामांनी स्वतःच खडूची रेघ पायानं पुसली. "थांबा, तुमच्यात पश्चिमेला तोंड न् पाठ दोन्ही चालत नाही. मशिदीशेजारच्या घरात काम केलंय मी." आता भांडं दक्षिण-उत्तर बसवायचं म्हणजे रुंदी चारच फूट. भांडं सव्वादोन फूट खातं. उरलेल्या पावणेदोन फुटांत अम्मींचे गुडघे समोरच्या भिंतीला टेकणार, आणि उठताना पुढं झुकायला जागा हवीच.

तोडगा जुन्या घरानंच दिला. आमच्या मातीच्या भिंती दीड फूट जाड. मामांनी उत्तरेच्या भिंतीत अर्धा फूट खोल, कोनाड्यासारखी खाच काढली, वर लाकडी तुळई दिली आणि भांड्याची मागची बाजू त्या खाचेत सरकवली. अर्धा फूट मिळाला. नव्या बांधकामाच्या चार इंची भिंतीत हे जमलं नसतं. नव्या फ्लॅटांचा हेवा करायचं आम्ही त्या दिवसापासून जरा कमी केलं आहे.

पाण्याचा प्रश्न वेगळा. आमच्याकडे तेव्हा नळाला पाणी चार दिवसांआड येत होतं. एका दाबाला पाच-सहा लिटर ओतणारी फ्लशची टाकी अशा गावात बसवणं म्हणजे उधळपट्टीच. टाकी घेतलीच नाही. बादली आणि जग ठेवला, पैसे वाचले. वुजूसाठी मात्र धार हवी होती, कारण वाकून बॅरलमधून पाणी काढणं हेच अम्मींना जड जात होतं. मामांनी मोरीबाहेर अंगणात तीन फूट उंच विटांचा चौथरा बांधला, बॅरल त्यावर चढवलं, बुडाशी भोक पाडून पाइप भिंतीतून आत घेतला. पाणी आलं की मोटारीच्या नळीनं बॅरल भरायचं. ना गच्चीवरची टाकी, ना लोखंडी स्टँड. नळ मुद्दाम बारीक तोंडाचा घेतला. वाहत्या नदीकाठीही वुजूत पाणी वाया घालवू नये, हे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. चार दिवसांआडच्या नळानं त्याचा अर्थ आणखी पक्का केला.

फरशीच्या दुकानांची एक गंमत आम्हाला या निमित्तानं कळली. पुढच्या काचेत मोरबीच्या चकचकीत टाइल्सची प्रदर्शनं, आणि मागच्या बोळात उरलेल्या खोक्यांचे ढीग. कुणाच्या कामातून चार खोकी उरलेली, कुणाची तीन. आमच्या मोरीला लागणार होत्या जमिनीच्या चोवीस चौरस फूट आणि भिंतीच्या सत्तरेक. भिंतीला छतापर्यंत टाइल लावायचा मोह टाळला. चार फूट उंचीपर्यंत टाइल, वर ऑइलपेंट. पाणी उडतं ते तेवढंच. मागच्या ढिगातून निम्म्या भावात भिंतीचं काम झालं, फक्त तीन रंग गोळा झाले. ज्यांचा मेळ बसेना त्या निळ्या फुलांच्या टाइल्स आडभिंतीच्या आतल्या बाजूला लावल्या. तिथं बसणाऱ्यालाच त्या दिसतात.

जमिनीच्या टाइलवर मात्र काटकसर केली नाही. आमच्यातलीनं दुकानात चपला काढल्या, टाइलवर बाटलीतलं पाणी ओतलं, थोडी साबणाची पूड टाकली आणि अनवाणी पायानं घासून पाहिलं. पाच प्रकार पाहिले. पोरगा हसत होता. अँटी-स्किड असं खोक्यावर लिहिलेल्या दोन टाइल्सवर तिचा पाय सरकला, तेव्हा त्याचं हसू थांबलं. शेवटी निवडली ती राखाडी, दिसायला अगदीच गरीब, पण पाय धरून ठेवणारी. उरलेली खोकी परत घेऊ असं दुकानदारानं सांगितलं होतं. काम झाल्यावर तो शब्द त्याला आठवला नाही. दीड खोकं अजून माळ्यावर आहे.

दगडाचं काय करायचं, हा विषय कुणी काढत नव्हतं. फरशी उखडायच्या दिवशी अम्मी सकाळपासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून होत्या, तसबीह हातात. मामांनी पहार लावून दगड उचलला, तो चौघांना भारी झाला. अंगणात टेकवून मामांनी त्यावरून हात फिरवला. म्हणाले, "आजींना बसायला ओटा करायचाय ना? वर ग्रॅनाइटचा तुकडा घ्यायला निघालाय तुम्ही. हाच ठेवू की." आम्हाला हे सुचलं नव्हतं. सव्वा फूट उंचीचा विटांचा ओटा, त्यावर अब्बांचा दगड, पाय ठेवायला पुढं उथळ पन्हळ, आणि समोर आडभिंतीवर हाताच्या अंतरावर नळ. बसलं की तोंड किबल्याकडे येतं आणि साडेतीन फुटी आडभिंतीमुळे पलीकडचं भांडं दिसत नाही. कडा बोचू नयेत म्हणून मामांनी टाकीनं त्या गोल केल्या. मधला खोलगट भाग तसाच ठेवला.

सगळं सुरळीत झालं असं नाही. टाइल्स बसल्या, दोन दिवस सुकू दिल्या, पहिली बादली ओतली आणि पाणी जाळीकडे न जाता थेट दारात आलं. उतार उलटा पडला होता. फुटाला पाव इंच उतार हवा, तो जाळीकडे हवा, एवढी साधी गोष्ट. मामा त्या दिवशी लग्नाला गेले होते आणि हाताखालच्या पोरानं दोरी न लावता नजरेनं काम उरकलं होतं. मामा आले, पाहिलं, एक शब्द बोलले नाहीत. दाराजवळच्या आठ टाइल्स फोडल्या, पुन्हा बसवल्या, स्वतःची दोन दिवसांची मजुरी लावली नाही. पण टाइल्स आणि सिमेंट आमचंच गेलं. ज्यांना असं काम काढायचं आहे त्यांना आमचं एकच सांगणं, टाइलखालचा माल ओला असतानाच तांब्याभर पाणी ओतून बघा. लाज वाटू देऊ नका.

हिशेब एकोणतीस हजारांवर गेला. अंगणातल्या जुन्या टाकीपर्यंतचा चार इंची पाइप आणि फायबरचं दार यांनी अंदाज मोडला. पगाराला दहा दिवस होते आणि प्लंबर थांबायला तयार नव्हता. आम्ही दोघं रात्री स्वयंपाकघरात हळू आवाजात कुणाकडे मागायचं याची चर्चा करत होतो. मातीच्या भिंती कितीही जाड असल्या तरी आवाज अडवत नाहीत. सकाळी अम्मींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा समोर आणून ठेवला.

तो डबा घरात सगळ्यांना माहीत होता, कुणी हात लावत नसे. त्यात त्यांच्या कफन-दफनाचे पैसे होते. ईदीतून, लेकीनं दिलेल्यातून जमवलेले, आपल्या मयतीचा भार मुलांवर पडू नये म्हणून. त्यांनी चार हजार मोजून काढले. आम्ही दोघंही नको नको म्हणत राहिलो. अम्मी म्हणाल्या, "लेव. मेरेकू मरने की इत्ती जल्दी नै." आणि स्वतःच हसल्या. आम्हाला हसता आलं नाही. पैसे घेतले.

मोहल्ल्यातल्या बायका बघायला आल्या. फुलांच्या टाइल्सना नावं ठेवून झाली. पण तिघी-चौघींनी ओट्याची उंची विताविताने मोजून नेली. त्यातल्या एकीच्या घरी चुलतसासू आहेत, एकीची आई. भांड्याशेजारी भिंतीत बसवलेला स्टीलचा दांडा त्यांनी धरून, ओढून पाहिला. साडेचारशे रुपयांचा तो दांडा. एकोणतीस हजारांतला सगळ्यांत उपयोगाचा खर्च तोच, असं आता वाटतं.

पुढच्या वर्षी, 2020च्या रमजानमध्ये, लॉकडाउनमुळे मशिदी बंद होत्या. तराविह घरीच. इशाआधी त्या मोरीसमोर आमच्या सगळ्या घराची रांग लागायची. अब्बांच्या दगडावर पहिला मान अम्मींचा, मग मुलं. धाकट्याला पाय पोचत नव्हते, तो लोंबकळत धुवायचा.

त्यांचे चार हजार आम्ही हजार-हजार करून चार महिन्यांत परत केले. आम्हाला वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी प्रत्येक वेळी घेतले, मोजले, डब्यात ठेवले. उशाशी आता रात्री तांब्या असतो. सकाळी सून तो उचलते तेव्हा आधी हलवून बघते, किती उरलंय ते. अम्मींना हे माहीत आहे. त्यांची तक्रार वेगळीच आहे. नळ चार बोटं उंच झाला म्हणतात, पाणी बाहीत जातं. मामांना निरोप दिलाय.