मागचा बाक

"आजपासून शब्बाथ शाळेचा लहान वर्ग तुझा," पाळकसाहेब म्हणाले. मी तेव्हा अकरावीत होतो.

हरवलेल्या मेंढराची गोष्ट रंगात आली असता एका चिमुरडीने विचारले, "मग बाकीची ९९ मेंढरं कुणी सांभाळली?" मी गडबडलो. पाळकसाहेब मागच्याच बाकावर होते; पण बोलले नाहीत. "पुढच्या रविवारी सांगतो," मी कसाबसा म्हणालो. त्या आठवड्यात लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय प्रथमच स्वतःसाठी वाचला. मेंढपाळ त्यांना रानात सोडून गेला, एवढेच सापडले. तेवढेच सांगितले.

पुढे पाळकसाहेबांची बदली झाली. नवे पाळक येईपर्यंत आम्ही पोरांनीच वर्ग घेतले, रेव्हरंड टिळकांची पदे पेटीवर बसवली, आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेला गेलो. तेव्हा त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर सापडले: ती एकमेकांना सांभाळत असतील!